सरसेनापतीची माफी

१५ नोव्हेंबर २०१९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तीन सैनिकांविषयीचे निर्णय एकदमच जाहीर केले. लेफ्टनंट क्लिंट लोरान्स अफगाणिस्तानात दोन माणसांच्या खुनाबद्दल लष्करी न्यायालयात दोषी ठरला होता आणि फोर्ट लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगात त्याची सहा वर्षे सरली होती. त्याला पूर्ण माफी मिळाली. मेजर मॅथ्यू गोल्स्टीन याच्यावर २०१० साली मार्जा इथे बाँब बनवणाऱ्या एका संशयिताला ठार मारल्याचा आरोप होता. खटला अजून उभा राहायचा होता. त्यालाही पूर्ण माफी मिळाली. नौदलाच्या सील पथकातला एडवर्ड गॅलघर खुनाच्या आरोपातून काही महिन्यांपूर्वीच सुटला होता. मृतदेहाबरोबर छायाचित्र काढल्याबद्दल तेवढा दोषी ठरून त्याचा हुद्दा उतरला होता. तो हुद्दा त्याला परत देण्यात आला. एक शिक्षा भोगणारा, एक खटल्याची वाट पाहणारा, एक सुटलेला. माफीचा अधिकार न्यायाच्या कोणत्या टप्प्यावर हात घालू शकतो, हे समजून घेण्यासाठी अभ्यासकाला एवढी नेमकी सामग्री एका दिवसात क्वचितच मिळते. उत्तर असे की, कोणत्याही टप्प्यावर.

युद्धगुन्ह्याचा आरोप असलेल्या सैनिकांना राष्ट्रप्रमुखाने दिलेली माफी, हा विषय विद्यापीठातल्या कोणत्याच एका विभागाचा नाही. घटनात्मक कायदा, लष्करी कायदा, युद्धाचा इतिहास आणि नीतिशास्त्र या चार बिऱ्हाडांच्या सामाईक अंगणात तो वाढला, आणि चौघेही त्याला दुसऱ्याचा समजतात. त्यामुळे नव्याने येणाऱ्याला इथे एक सोय आहे. कायद्याची पदवी नसली तरी अडत नाही, आणि कायदेपंडितालाही इतिहासाच्या दारात विद्यार्थी म्हणूनच उभे राहावे लागते. संताप घेऊन येणाऱ्या वाचकाला मी तो बाहेर ठेवून या असे सांगणार नाही. सैनिकांविषयीची माया घेऊन येणाऱ्यालाही नाही. दोन्ही भावनांनी या विषयाचा इतिहास घडवला आहे, तेव्हा त्या जवळ असलेल्या बऱ्या.

कायद्याचा भाग आधी उरकून घेऊ, कारण तो आश्चर्य वाटावे इतका छोटा आहे. अमेरिकी संविधानाच्या दुसऱ्या अनुच्छेदात अध्यक्षाला संघराज्याविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल माफी देण्याचा अधिकार दिला आहे. महाभियोगाची प्रकरणे तेवढी वगळली आहेत. १८६७ च्या गार्लंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार गुन्हा घडल्यानंतर केव्हाही, आरोपपत्राआधीसुद्धा वापरता येतो असे सांगितले. गोल्स्टीनची माफी या आधारावर उभी आहे. अलेक्झांडर हॅमिल्टनने १७८८ मध्ये या अधिकाराची बाजू मांडताना मुख्य विचार केला होता तो बंडाचा: बंड पेटले असताना योग्य घटकेला दिलेली माफी शांतता परत आणू शकते, आणि ती घटका सभागृहाला साधता येत नाही, एका माणसाला साधते. म्हणजे मूळ कल्पनेत माफी सत्तेच्या विरोधकाला द्यायची होती.

त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या संविधान-मंजुरीच्या सभेत जॉर्ज मेसनने नेमकी उलट शंका काढली. अध्यक्षाने स्वतःच ज्या गुन्ह्याची मसलत दिली त्याच गुन्ह्याला तो माफी देऊन बसला तर? जेम्स मॅडिसनने उत्तर दिले की त्यासाठी महाभियोग आहे. उत्तर कागदावर चोख होते. पण मेसनची शंका या विषयाच्या मुळाशी जाते, असे मला वाटते. अमेरिकेचा अध्यक्ष सैन्याचा सरसेनापतीही असतो. सैनिक परमुलखात जातो तो त्याच्या हुकमाने, आणि बंदूक चालवतो ती त्याच्या नावाने. साधा चोर किंवा खुनी माफी मागतो तेव्हा राज्यसंस्था तिऱ्हाईत असते, निदान तसे मानता येते. इथे माफी देणारा आरोपीच्या साखळीची शेवटची कडी असतो आणि ज्यांचे माणूस गेले ते त्याचे नागरिक नसतात, मतदार नसतात, बहुधा त्याची भाषाही बोलत नसतात. मसलत दिल्याचा पुरावा कुठेच नसला तरी हे नाते राहतेच. प्रत्येक प्रकरण वाचताना मी आधी हेच नाते पाहतो, आणि वाचकानेही पाहावे.

आरोपपत्राची एक खोच इथेच सांगायला हवी. अमेरिका आपल्या सैनिकांवर सहसा ‘युद्धगुन्हा’ म्हणून खटला भरत नाही. लष्करी न्यायाच्या एकसमान संहितेतला खून, हल्ला, हुकमाचा भंग अशी साधी कलमे लावली जातात. १९९६ मध्ये युद्धगुन्ह्यांचा स्वतंत्र कायदा झाला, पण त्याखाली पहिले आरोप ठेवले गेले ते २०२३ च्या डिसेंबरात, आणि तेही युक्रेनमध्ये एका अमेरिकी नागरिकाचा छळ केल्याबद्दल रशियाच्या बाजूने लढणाऱ्या सैनिकांवर. याचा परिणाम माफीच्या कागदापर्यंत पोचतो. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी गंभीर उल्लंघने करणाऱ्यांवर खटला चालवण्याचे बंधन सह्या करणाऱ्या देशांवर टाकले आहे. पण कागदावर नुसता खून असला की ती आंतरराष्ट्रीय बांधिलकी चर्चेत येतच नाही. माफी एका देशाची अंतर्गत बाब बनते.

आता थोडे मागे जाऊ. १८६२ मध्ये मिनेसोटात डकोटा लोकांचा उठाव मोडल्यावर लष्करी आयोगाने ३०३ जणांना फाशी सुनावली. काही सुनावण्या तर मिनिटांत आटोपल्या होत्या. स्थानिक गोऱ्या वसाहतकारांना सगळेच्या सगळे फासावर हवे होते. अब्राहम लिंकनने खटल्यांची कागदपत्रे मागवली, दोन सहायकांकरवी एकेक प्रकरण तपासून घेतले आणि एक रेघ ओढली: लढाईत भाग घेतलेले एका बाजूला, निःशस्त्र माणसांची कत्तल किंवा बलात्कार केलेले दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या यादीत ३९ नावे उरली. त्यातले एक शेवटच्या क्षणी वगळले आणि २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकाटो इथे ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिली गेली. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वात मोठी सामूहिक फाशी. ते खटले न्याय्य नव्हते आणि लिंकनच्या दयेने ते न्याय्य झाले नाहीत. तरीही युद्धातले मारणे आणि युद्धाच्या आडोशाने केलेले मारणे यांतला भेद अध्यक्षाने दयेचा विचार करताना खटल्याच्या नोंदीतून शोधला, याचे हे ठळक उदाहरण आहे. चारच महिन्यांनी, एप्रिल १८६३ मध्ये, त्याच सरकारने लायबर संहिता जारी केली. युद्धाच्या लिखित नियमांचा आधुनिक इतिहास तिच्यापासून सांगतात.

या विषयावरचे सर्वात समृद्ध प्रकरण मात्र माय लाय हेच आहे, आणि गंमत म्हणजे त्यात औपचारिक माफी कधी दिलीच गेली नाही. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या त्या वस्तीत अमेरिकी तुकडीने शेकडो गावकरी मारले. मोजदाद ३४७ पासून ५०४ पर्यंत जाते. सव्वीस जणांवर आरोप ठेवले गेले, दोषी ठरला तो एकटा लेफ्टनंट विल्यम कॅली. किमान २२ जणांच्या खुनाबद्दल २९ मार्च १९७१ रोजी त्याला दोषी ठरवणाऱ्या सहा अधिकाऱ्यांपैकी पाच जण स्वतः व्हिएतनाममध्ये लढून आले होते. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण रणांगण न पाहिलेले लोक सैनिकांचा न्याय करतात ही तक्रार या वादात नेहमी ऐकू येते.

निकालानंतर देश उसळला. व्हाइट हाउसवर तारांचा पाऊस पडला आणि त्यांतल्या बहुतेक कॅलीच्या बाजूच्या होत्या. त्याच्या नावाच्या गाण्याची तबकडी दहा लाखांवर खपली. पुढे मानवी हक्कांचा अध्यक्ष म्हणून ओळखले गेलेले जिमी कार्टर तेव्हा जॉर्जियाचे गव्हर्नर होते. त्यांनी लोकांना गाड्यांचे दिवे लावून सैनिकांना पाठिंबा दाखवायला सांगितले. रिचर्ड निक्सन यांनी १ एप्रिलला, जन्मठेप सुनावल्याच्या दुसऱ्या दिवशी, कॅलीला लष्करी कोठडीतून काढून फोर्ट बेनिंगवरच्या त्याच्या निवासस्थानी नजरकैदेत ठेवण्याचा हुकूम दिला. प्रकरण शेवटी आपण स्वतः तपासू असेही सांगितले. सरकारी वकील कॅप्टन ऑब्री डॅनियल याने अध्यक्षांना पत्र लिहून या हस्तक्षेपाचा उघड निषेध केला. त्याचे ते पत्र या क्षेत्रात येणाऱ्याने पहिल्या आठवड्यात वाचावे. एका कनिष्ठ अधिकाऱ्याने आपल्या सरसेनापतीला इतके सरळ लिहिलेले फार सापडणार नाही.

पुढे शिक्षा पायरीपायरीने उतरत गेली: वरिष्ठ सेनानीने जन्मठेपेची वीस वर्षे केली, लष्करमंत्र्याने विसाची दहा केली, आणि १९७४ च्या नोव्हेंबरात कॅली पॅरोलवर बाहेर आला. निक्सन यांना सहीचा कागद कधी काढावाच लागला नाही. माफीचा अभ्यास फक्त माफीपत्रांचा केला तर माय लाय हातातून निसटते. नजरकैद, शिक्षेतली सूट, पॅरोल, लांबवलेला फेरविचार या सगळ्या मिळून एक माफी होते, आणि ती कोणा एकाच्या नावावर लागत नाही. जाता जाता एवढेच, की ज्या वर्षी कॅली सुटला त्याच वर्षी निक्सन यांना त्यांच्या उत्तराधिकाऱ्याकडून पूर्ण माफी मिळाली होती.

कॅलीच्या बाजूने बोलणारे सगळेच आंधळे नव्हते. वरच्यांना सोडून एका लेफ्टनंटला बळीचा बकरा केले, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्याचा कॅप्टन अर्नेस्ट मेडिना निर्दोष सुटला होता आणि शत्रूच्या मृतदेहांच्या मोजणीवर यश मापणारे धोरण ज्यांनी आखले ते आरोपीच्या पिंजऱ्याच्या आसपासही फिरकले नव्हते. हा युक्तिवाद खरा आहे. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष वरच्यांवरही खटले भरा असा असायला हवा. खालच्याला सोडा हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. माफीसमर्थक लेखनात ही उडी पुन्हा पुन्हा दिसते, २०१९ मध्येही दिसली. सैनिकांना मारायला शिकवायचे आणि मारले की खटले भरायचे, अशा अर्थाचे ट्रम्प यांचे उद्गार त्याच जातीचे होते. सैन्याला त्यात स्वतःचा अपमान दिसला, कारण कोणाला मारायचे नाही हेही तेच सैन्य शिकवत असते.

अशा प्रकरणांत सर्वात कमी बोलले जाते ते साक्षीदारांबद्दल. माय लायवर हेलिकॉप्टर घेऊन उडणाऱ्या ह्यू थॉम्प्सनने गावकरी आणि अमेरिकी सैनिक यांच्यामध्ये ते उतरवले आणि काही जीव वाचवले. त्याने साक्ष दिली, तर काँग्रेसच्या एका वजनदार सदस्याने शिक्षा व्हायचीच तर ती या वैमानिकाला व्हावी असे सुचवले. त्या कृत्याची खरी दखल घेणारे पदक त्याला मिळायला १९९८ साल उजाडले. लोरान्सच्या खटल्यात त्याच्याच प्लाटूनमधले सैनिक त्याच्याविरुद्ध उभे राहिले. २ जुलै २०१२ रोजी कंदाहार प्रांतातल्या झारी भागात मोटरसायकलवरून आलेल्या तीन माणसांवर गोळ्या चालवायला त्याने सांगितले तेव्हा धोका नव्हता, हे त्यांनी शपथेवर सांगितले. गॅलघरविरुद्ध तक्रार केली तीही त्याच्या हाताखालच्या सील जवानांनी. अशा तुकडीत सोबत्याविरुद्ध बोलण्याची किंमत काय असते, हे गणवेश न घातलेल्यालाही कळू शकते. माफी जाहीर झाली की त्या साक्षीचे काय होते? कायद्याच्या दृष्टीने काहीच नाही, ती नोंदीत राहते. पुढच्या युद्धात पुढचा जवान तोंड उघडेल का, हा मात्र खरा प्रश्न आहे. नौदलमंत्री रिचर्ड स्पेन्सर यांना याच वादात २४ नोव्हेंबर २०१९ रोजी पद सोडावे लागले. त्यांनी नंतर लिहिलेल्या लेखात लष्करी शिस्तीचा हाच मुद्दा मांडला.

माफी स्वीकारणे म्हणजे गुन्हा कबूल करणे का? १९१५ च्या बर्डिक खटल्यात न्यायालयाने माफीबरोबर दोषाचा ठपका येतो असे म्हटले आणि ते वाक्य आजही चर्चांमध्ये फेकले जाते. बर्डिक हा वृत्तपत्राचा संपादक. साक्ष द्यायला लागू नये म्हणून त्याने अध्यक्ष विल्सन यांची माफीच नाकारली होती. पण लोरान्सने माफीनंतरही आपली शिक्षा रद्द करून घेण्यासाठी दाद मागितली, तेव्हा २०२१ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने माफी स्वीकारल्याने तो दाद मागण्याचा हक्क गमावत नाही आणि गुन्ह्याची कायदेशीर कबुलीही देत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे माफीने शिक्षा जाते, ठपका आहे की नाही हे संदिग्ध राहते आणि निर्दोषत्वाचा दावा जिवंत राहतो. मृतांच्या घरच्यांना या तिन्हींतले काय सांगायचे?

त्यांना काही सांगितले गेल्याचे एक दुर्मीळ उदाहरण आहे, आणि ते फार कडू आहे. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या खासगी सुरक्षा कंपनीच्या माणसांनी केलेल्या गोळीबारात इराकी तपासानुसार १७ नागरिक मेले. हे सैनिक नव्हते, त्यामुळे खटला वॉशिंग्टनमधल्या बिगरलष्करी संघीय न्यायालयात चालला. २००९ च्या अखेरीस न्यायाधीशाने आरोप फेटाळले, तेव्हा उपाध्यक्ष जो बायडन यांनी बगदादला जाऊन आपले सरकार अपील करील असे जाहीर केले. अपील झाले, खटला पुन्हा उभा राहिला, इराकहून साक्षीदार मोठ्या संख्येने अमेरिकेत येऊन ज्यूरीपुढे बोलले आणि २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले. डिसेंबर २०२० मध्ये चौघांनाही माफी मिळाली. संयुक्त राष्ट्रांच्या भाडोत्री सैनिकांविषयीच्या कार्यगटाने ही माफी आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या अमेरिकेच्या जबाबदाऱ्यांशी विसंगत असल्याचे म्हटले. ज्यांना न्यायासाठी समुद्रापलीकडे बोलावले त्यांना निकाल उलटताना कोणी विचारले नाही.

अमेरिकेबाहेरची दोन प्रकरणे समोर ठेवल्याशिवाय मात्र विषय एकारलेला राहतो. श्रीलंकेत डिसेंबर २००० मध्ये मिरुसुविल इथे मुलांसह आठ तमिळ नागरिक मारले गेले. सुनील रत्नायके या सार्जंटला २०१५ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि मार्च २०२० मध्ये अध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी त्याला माफी दिली. गोटाबाया हे त्याच सैन्यात अधिकारी होते आणि युद्धाच्या अखेरच्या वर्षांत संरक्षण सचिव. मेसनच्या शंकेने दाखवलेले नाते कोलंबोतही दिसते.

दुसरे प्रकरण फिलिपिन्सचे. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत एल्पिदिओ किरिनो यांची पत्नी आणि तीन मुले जपानी सैनिकांकडून मारली गेली. हेच किरिनो अध्यक्ष झाले आणि जुलै १९५३ मध्ये त्यांनी युद्धगुन्ह्यांबद्दल कैदेत असलेल्या जपान्यांना माफी दिली. शंभरहून अधिक जण मायदेशी परतले. ज्यांच्यामुळे आपले सर्वात जास्त नुकसान झाले त्यांच्याविषयीचा द्वेष मुलांनी वारशात घेऊ नये, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. जपानशी युद्धभरपाईची बोलणी चालू असतानाचा हा निर्णय होता, हे अभ्यासक दाखवून देतात आणि ते खरेच आहे. पण इथे माफी देणारा अन्याय झालेल्यांच्या बाजूचा होता. त्यामुळे किरिनोंचे निवेदन आणि २०१९ चे निवेदन दोन्हींना कायदा एकच नाव देतो तेव्हा मला कायद्याची शब्दसंपत्ती तोकडी वाटते.

भारतीय वाचकाला हा सगळा प्रकार परका वाटू नये. संविधानाच्या अनुच्छेद ७२ मध्ये राष्ट्रपतींच्या दयेच्या अधिकारात लष्करी न्यायालयाने दिलेल्या शिक्षांचा पहिलाच उल्लेख आहे. मराठी घरांत तर नौदलातल्या एका अधिकाऱ्याच्या माफीची गोष्ट दोन पिढ्या सांगितली गेली आहे. कमांडर नानावटी प्रकरण युद्धगुन्ह्याचे नव्हते, खासगी खुनाचे होते. तरी कॅलीच्या शेजारी ठेवून वाचावे असे त्यात बरेच आहे. ११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपालांनी अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित करून नानावटींना नौदलाच्याच ताब्यात ठेवले. एका वृत्तपत्राने त्यांची बाजू धडाक्याने लावून धरली होती. प्रकरण आपल्यापुढे चालू असताना राज्यपालांची स्थगिती लागू राहू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ठरवले. माफी आली ती १९६४ मध्ये. निक्सन यांच्या हुकमाच्या अकरा वर्षे आधी मुंबईत हा प्रश्न न्यायालयापुढे येऊन गेला होता, आणि अमेरिकी ग्रंथांत त्याचा उल्लेख मला दिसत नाही.

सैन्याने नागरिकांवर केलेल्या अत्याचारांच्या बाबतीत आपल्याकडे माफीची वेळ सहसा येतच नाही. १९१९ मध्ये पंजाबातल्या अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा ब्रिटिशांनी जालियनवाला बागेनंतर काही महिन्यांतच करून घेतला होता. आज सशस्त्र दले विशेषाधिकार कायद्यानुसार जवानावर खटला भरण्याआधी केंद्राची परवानगी लागते. डिसेंबर २०२१ मध्ये नागालँडच्या मोन जिल्ह्यात खाणीतून घरी परतणारे मजूर मारले गेले. तीस लष्करी जवानांवर खटला भरण्याची परवानगी केंद्राने नाकारली. अमेरिकेत दार शेवटी उघडून माणूस बाहेर काढतात. इथे ते सुरुवातीलाच लावून घेता येते. कोणती पद्धत अधिक प्रामाणिक, यावर वर्गात एक तास सहज भांडता येईल. निदान पहिलीत पुरावा नोंदला जातो, असे माझे मत आहे.

कुठून सुरुवात करावी? माफीपत्रापासून करू नये, त्यात वाचण्यासारखे जवळजवळ काही नसते. लोरान्स खटल्यातली साक्ष आधी वाचावी, मग २०२१ चा अपिलाचा निकाल, मग माफी जाहीर करणारे व्हाइट हाउसचे निवेदन, याच क्रमाने. तात्त्विक बाजूसाठी कॅथलीन डीन मूर यांचे माफीवरचे १९८९ चे पुस्तक अजून जुने झालेले नाही. प्रत्येक प्रकरणात अर्ज कोणत्या वाटेने आला तेही पाहावे. अमेरिकी नियमांप्रमाणे लष्करी गुन्ह्याबद्दलचा दयेचा अर्ज त्या त्या सेनादलाच्या मंत्र्याकडे करायचा असतो आणि एरवी शिक्षेनंतर पाच वर्षे थांबण्याची रीत आहे. २०१९ मध्ये हे खटले अध्यक्षांपर्यंत नेण्यात दूरचित्रवाणीवरचे एक सूत्रसंचालक, माजी सैनिक पीट हेगसेथ, आघाडीवर होते. २०२५ च्या जानेवारीत तेच संरक्षणमंत्री झाले. आपल्याकडे लष्करी न्यायालयाने शिक्षा दिलेल्या जवानांचे दयेचे अर्ज कोणत्या टेबलांवरून राष्ट्रपतींकडे जातात, कोण त्यांवर शेरे मारतो, आणि नागरिकांवरच्या अत्याचाराची प्रकरणे त्यांत किती, यावर मराठीत काम करणाऱ्याला मोकळे रान आहे.